युरोपच्या बस टूरचा पहिला दिवस कसा काढायचा

एप्रिल लागला की नागपूरला धरमपेठेतल्या आमच्या मेडिकलमध्ये टूरवाली मंडळी यायला लागतात. महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या काढून झाल्या की काउंटरवर कोपर टेकवून विचारतात, "मॅडम, युरोपला चाललो जी, अजून काय काय घेऊन ठेवू?" मी सांगायला लागते, तोवर मागे तापाचं लेकरू घेऊन कुणी उभं असतं आणि माझं बोलणं अर्धं राहतं. म्हणून ते सगळं इथे सलग लिहून काढते आहे.

नवरा आणि सासूबाईंना घेऊन मी अशा टूर केल्या आहेत आणि परत आलेल्या गिऱ्हाइकांचे अनुभवही ऐकत असते. त्यावरून माझं पक्कं मत झालं आहे, की पुढचे दहा-बारा दिवस कसे जाणार ते पहिल्या दिवशी ठरतं. त्या दिवशी स्थळं कमी पाहिली तरी चालेल. तिथलं घड्याळ अंगवळणी पाडायचं, बसची शिस्त समजून घ्यायची आणि टूर मॅनेजरला आपल्या तब्येतीबद्दल खरं सांगायचं, ही त्या दिवसाची खरी कामं. उदाहरणासाठी पॅरिस घेते, कारण बऱ्याच टूर तिथून सुरू होतात.

घरून निघताना

नागपूरकरांचा पहिला दिवस आदल्या दुपारीच सुरू होतो. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतरची असतात, म्हणजे आपण संध्याकाळीच मुंबईत पोचलेलं असायला हवं. नागपूर-मुंबई तिकीट तुम्ही वेगळं काढलं असेल तर बॅग मुंबईत स्वतः उचलून पुन्हा जमा करावी लागते, आणि वजनाची मर्यादाही देशांतर्गत विमानाचीच लागू होते. ती बहुधा १५ किलो असते. तिकडे २३ किलो चालतात म्हणून भरलेल्या बॅगेचे जास्तीचे पैसे सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरच, मोजावे लागतात. देशांतर्गत विमान मुंबईत टर्मिनल १ ला उतरत असेल तर टर्मिनल २ ला रस्त्याने जावं लागतं, तो वेळही धरा. संध्याकाळच्या अगदी शेवटच्या विमानावर किंवा ट्रेनवर भिस्त ठेवू नका.

केबिन बॅगेत सगळी औषधं, एक जोडी कपडे, पॉवर बँक आणि जाड जॅकेट ठेवा. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकता येत नाही. जॅकेट हातातच हवं, कारण आपण ४४-४५ डिग्रीतून निघतो आणि मे महिन्यात सकाळी पॅरिसला उतरतो तेव्हा तिथे १०-१२ डिग्री असू शकतात. पारा एका रात्रीत एवढा खाली आला की वयस्क माणसांना लगेच खोकला धरतो.

आता खाऊ. नागपूरची माणसं रिकाम्या हाताने कुठे जात नाहीत, आणि ही सवय मला फार आवडते. पण युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, खव्याची बर्फी, तुपाचा डबा घरीच ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत निघणारे संत्री न्यायचं म्हणतात. तीही चालत नाहीत. फळांना रोग-किडीचं सर्टिफिकेट लागतं आणि त्यातून सूट फक्त केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना आहे. विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल तर सावजी मसाल्याची पुडीही काढून ठेवा. त्यात खसखस असते आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. चिवडा, शेव, शेंगदाण्याची चटणी खुशाल घ्या. बसमध्ये ओळखी व्हायला त्यांचाच उपयोग होतो.

औषधं: इथे घाई करू नका

गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्या. डबीत सुट्या काढलेल्या पांढऱ्या गोळ्या कशाच्या आहेत, हे तिकडचा डॉक्टर ओळखू शकत नाही. डॉक्टरांकडून इंग्रजीत एक कागद लिहून घ्या आणि त्यावर औषधाचं मूळ नाव मागा. आपल्याकडची ब्रँडची नावं तिथे कुणाला कळत नाहीत. फ्रान्समध्ये औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो, पण रविवारी बहुतेक दुकानं बंद आणि बीपीची गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमॅडॉलची वेदनाशामक गोळी, झोपेच्या गोळ्या यांच्यावर अमिरातीत कडक नियंत्रण आहे. गरज असेल तर आधीच परवानगीची चौकशी करा, गरज नसेल तर नेऊच नका.

उन्हाळ्यात पॅरिसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे पहिला दिवस तेवढा लांबतो. दिवसातून एकदा घ्यायच्या बीपीच्या किंवा थायरॉइडच्या गोळीला साडेतीन तासांनी सहसा फरक पडत नाही, तिथल्या सकाळी घ्यायला सुरुवात केली की झालं. शुगरचं तसं नाही. तुम्ही पॅरिसला दुपारी एकला जेवायला बसता तेव्हा नागपुरात साडेचार वाजलेले असतात. विमानातला नाश्ता पहाटे कधीतरी झालेला असतो. अशा वेळी घरच्या घड्याळाप्रमाणे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि बस ट्रॅफिकमध्ये अडकली तर साखर खाली येते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. त्या दिवसाचा डोस कधी आणि किती घ्यायचा, हे निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना प्रवासाच्या वेळा दाखवून लिहून आणा. खिशात ग्लुकोजची पुडी आणि बिस्किटं ठेवा. बॅगेत ठेवू नका, बॅग बसच्या पोटात असते.

इन्सुलिन विमानात जमा करायच्या मोठ्या बॅगेत टाकायचं नाही, तिथे ते गोठू शकतं. वापरात असलेलं पेन ३० डिग्रीच्या आत बहुधा चार आठवडे टिकतं, म्हणजे तिकडच्या हवेत काळजी नाही. खरी काळजी घरापासून सोनेगावच्या विमानतळापर्यंतच्या उन्हाची. तेवढ्यापुरतं थंड पाऊच वापरा. तिकडेही उन्हात उभ्या बसमध्ये पेन सोडून फिरायला जाऊ नका.

दुसरी गोष्ट माणसं संकोचाने विचारत नाहीत, म्हणून मीच सांगते. बीपीच्या गोळीच्या नावामागे एच लिहिलेलं असेल, तर त्यात बहुधा लघवी वाढवणारं औषध असतं. सकाळी आठला गोळी आणि नऊला बस, म्हणजे दहाच्या सुमारास जीव कासावीस होतो आणि पुढचा थांबा अकराला असतो. मग लोक पाणी पिणंच सोडून देतात. आमच्या बसमध्ये पुसदकडचे एक काका होते, रिटायर्ड मास्तर. दुपारपर्यंत त्यांनी बाटलीचं झाकणही उघडलं नव्हतं. ओठ सुकलेले, पायावरच्या मोज्याचा वळ खोल उमटलेला. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि गोळ्यांची पट्टी पाहिली. कागदावर "सकाळी एक" एवढंच होतं. टूर मॅनेजरने थांबा अर्धा तास अलीकडे घेतला, संध्याकाळी काकांनी फोनवर आपल्या डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली. पुढचे सगळे दिवस काका खिडकीशी बसून पाणी पीत होते आणि आम्हाला नद्यांची नावं सांगत होते. तेव्हा गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि पाणीही तोडू नका. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, की बसच्या दिवशी ही गोळी कधी घेऊ. रात्रभराचं विमान आणि वर दिवसभराची बस, यात पाय खाली सोडून बसलं की पोटऱ्यांत रक्त साकळतं. तासाला एकदा टाचा वर-खाली करा, घोटे फिरवा, आणि थांबा आला की प्रत्येक वेळी खाली उतरा.

बस लागू नये म्हणून घेतात त्या ॲव्होमिनच्या गोळीने झोप येते. बस लागत नसेल तर "असू द्या" म्हणून घेऊ नका, पहिल्या दिवशी जागं राहणं महत्त्वाचं. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

विमानतळावर

थेट विमान असेल तर नऊ-दहा तासांत पॅरिस येतं. उतरल्यावर आधी स्वच्छतागृहात जाऊन घ्या, इमिग्रेशनची रांग लांब असते. शेंगेन देशांनी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांनी, १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी पद्धत आणायला सुरुवात केली. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद होते. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो मात्र घेतात. मेंदी गडद रंगली असेल किंवा भांडी घासून बोटं झिजली असतील तर ठसा उमटायला वेळ लागतो. घाबरू नका, बोटं कोरडी करून पुन्हा ठेवा. अधिकारी विचारतील त्याला थोडक्यात उत्तर द्या. परतीचं तिकीट, हॉटेलचं नाव आणि विम्याचा कागद हाताशी असू द्या.

पट्ट्यावर बॅग ओळखायला लाल रिबिनीचा उपयोग नाही, निम्म्या ग्रुपने तीच बांधलेली असते. एखादं जुनं काठाचं कापड शिवून घ्या.

टूर मॅनेजर भेटला, की गर्दी पांगायच्या आत त्याला बाजूला घ्या आणि दोन मिनिटांत सगळं सांगून टाका. इन्सुलिन कुणाला आहे, गुडघे कुणाचे दुखतात, कानाला मशीन कुणाला आहे, उपास कोणत्या वारी, कांदा-लसूण चालतो की नाही. रूमची यादी आणि जेवणाची संख्या तो त्याच दुपारी पुढे कळवत असतो. तिसऱ्या दिवशी सांगितलं तर त्याच्या हातात फार थोडं उरतं. काहींना वाटतं, पहिल्याच दिवशी आजार सांगितले तर आपल्याला ओझं समजतील. मी पाहिलेले टूर मॅनेजर तरी असं सांगणाऱ्यांना दुवाच देतात.

बस आणि बसचा ड्रायव्हर

तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणून बसचं दार उजवीकडे असतं आणि रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. आपली मान जन्मभराच्या सवयीने आधी उजवीकडे वळते, आणि गाडी येते डावीकडून. पहिल्या दिवशी झोपही झालेली नसते. सासूबाईंचा हात मी त्या दिवशी प्रत्येक चौकात धरला, आणि तुम्हीही तुमच्या माणसांचा धरा. सायकलच्या पट्ट्यावर फोटोसाठी उभं राहू नका, सायकली वेगात येतात आणि आवाज करत नाहीत.

बसला बहुधा दोन दारं असतात. मधल्या दाराच्या पायऱ्या अरुंद आणि उंच असतात, पुढच्या त्या मानाने सोप्या. गुडघेवाल्यांनी पुढूनच चढावं-उतरावं, थोडी वाट पाहावी लागली तरी. सीट बेल्ट बांधणं बंधनकारक आहे. सीट रोज बदलतात, कशा ते टूर मॅनेजर माइकवर सांगतो. पहिल्या दिवशी पुढची सीट मिळावी म्हणून हातरुमाल टाकून ठेवणाऱ्यांची नावं शेवटपर्यंत सगळ्यांच्या लक्षात राहतात, तेव्हा ते टाळाच. बसमध्ये स्वच्छतागृह असलं तरी ते नडीच्या वेळेलाच. रोजची सोय हायवेवरच्या थांब्यावर होते आणि तिथे बऱ्याचदा ५० सेंट ते १ युरो पडतो. म्हणून विमानतळावर किंवा पहिल्या थांब्यावर एखादी छोटी वस्तू घेऊन नोट मोडा आणि नाण्यांची वेगळी पर्स करा. पॅरिसच्या रस्त्यांवरची सार्वजनिक स्वच्छतागृहं मात्र फुकट आहेत. कार्डाने पैसे देताना मशीन "रुपयांत की युरोत" असं विचारतं. युरोच निवडा, रुपयांचा भाव महाग पडतो.

ग्रुपमधली भांडणं मी पाहिली ती बहुतेक वेळेवरूनच झालेली, आणि त्यामागचं कारण फार थोड्यांना ठाऊक असतं. युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की किमान ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला साधारण ९ तासांच्या वर चालवता येत नाही. दिवसाचं काम संपल्यावर ११ तास सलग विश्रांती लागते, आठवड्यात मोजक्या वेळा ती ९ तासांवर आणता येते. हे सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात आपोआप नोंदलं जातं आणि पोलीस कधीही थांबवून ते तपासतात. दंड मोठा असतो.

आता पहिल्या संध्याकाळचा हिशोब करा. आयफेल टॉवर १८८९ साली झालेला, ३३० मीटर उंच. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला तो पाच मिनिटं लुकलुकतो आणि सगळ्यांना ते बघायचं असतं. पण जून महिन्यात पॅरिसला सूर्य मावळायलाच रात्रीचे दहा वाजतात. लुकलुकणं बघून, सगळे जमून, शहराबाहेरच्या हॉटेलवर पोचायला साडेअकरा होतात. त्यात ११ तास मिळवले तर दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेदहा. ९ धरले तरी साडेआठ. म्हणजे टूरवाल्यांचं ठरलेलं सहा-सात-आठ, सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस, ते गडबडलंच. चार जणांनी वीस मिनिटं उशीर केला की दुसऱ्या दिवशीचं एखादं स्थळ सगळ्यांचं हुकतं. टूर मॅनेजर "चला, चला" म्हणून मागे लागतो तो यासाठी. शहराच्या मध्यात बसला उभं राहायला मिनिटंच मिळतात, हे दुसरं कारण. सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी जागेवर या. पहिल्या दिवशी सगळा ग्रुप वेळेवर आला की पुढे कुणाला ओरडावं लागत नाही.

ड्रायव्हरला चढताना नमस्कार करा, त्याची भाषा येत नसली तरी. बस नीट ठेवा, शेव सांडली तर उचला. दहा दिवस आपले जीव त्याच्या हातात असतात.

शहरात उतरल्यावर

बस सोडण्याआधी तिच्या पाटीचा आणि समोरच्या चौकाचा मोबाइलवर फोटो काढा. एकाच रंगाच्या पाच बस शेजारी उभ्या असतात. टूर मॅनेजरचा नंबर देशाच्या कोडसकट साठवा आणि वयस्क माणसांच्या खिशात कागदावर लिहून ठेवा. चुकामूक झाली तर शोधत फिरू नका, शेवटी सगळे जिथे एकत्र होतो तिथे जाऊन उभे राहा, तो तिथेच परत येतो. खरंच मोठी अडचण आली तर ११२ हा नंबर सगळ्या युरोपियन युनियनमध्ये चालतो.

आयफेलजवळ सह्या मागणाऱ्या मुली आणि मनगटावर दोरा बांधायला येणारी माणसं भेटतात. थांबू नका, हात मागे घ्या आणि चालू लागा. पासपोर्ट शर्टाच्या आत, पर्स पोटापुढे.

हॉटेल

तळमजल्याला तिथे शून्य म्हणतात, लिफ्टमध्ये तेच बटण. खोलीचं कार्ड दाराशेजारच्या खाचेत ठेवलं की दिवे लागतात. बाथरूममध्ये बादली-मग नसतो आणि बहुतेक ठिकाणी जमिनीला पाणी जायला वाट नसते. अंघोळ टबातच करा आणि पडद्याचं खालचं टोक टबाच्या आत ठेवा, नाहीतर खोलीत पाणी शिरतं आणि भुर्दंड बसतो. प्लास्टिकचा छोटा मग घरून न्या. नळाचं पाणी पिता येतं, बाटली तिथेच भरून घ्या. देवापुढे उदबत्ती लावायची सवय असली तरी खोलीत लावू नका, धुराचा अलार्म वाजून सगळं हॉटेल खाली उतरतं. हात जोडले तरी पोचतं.

आता झोप. दुपारी खोली मिळाली तर पलंगावर आडवं व्हायची फार इच्छा होते. वीस मिनिटं डोळा लागला तर हरकत नाही, त्याहून जास्त नको. उजेडात बाहेर चाला, हलकं जेवा, रात्री नऊ-साडेनऊपर्यंत ओढा. दुपारच्या जेवणानंतर चहा-कॉफी नको. नवीन झोपेची गोळी तर अजिबात नको, अनोळखी बाथरूममध्ये रात्री पडणाऱ्यांची उदाहरणं मी ऐकली आहेत.

एवढं करूनही पहाटे तीनला टक्क जाग येईल. नागपुरात तेव्हा साडेसहा वाजलेले असतात, शरीर बरोबरच सांगत असतं. दिवा लावून रूम पार्टनरला उठवू नका आणि मोबाइलही उघडू नका. पडून राहा, बऱ्याचदा पुन्हा डोळा लागतो. नाहीच लागला तर पाचच्या सुमारास लॉबीत जाऊन घरी फोन करा. तिकडे साडेआठ झालेले असतात आणि रात्री दहाला केलेला फोन मात्र त्यांना दीड वाजता उठवतो. सहाला वेक-अप कॉल येईल. नाश्त्याला जाताना सकाळच्या गोळ्या खिशात घ्या, कारण बॅगा तोवर बसकडे गेलेल्या असतात.